ग्लूमी

परवा नातीचा फोन आला होता. ती शिकायला इंग्लंडात, लीड्सला असते. "कसं आहे गं तिकडे?" म्हटलं, तर म्हणाली, "फार ग्लूमी आहे, आजोबा." झालं, माझ्यातला मास्तर जागा झाला. म्हटलं, "मराठीत सांग की, मळभ आलंय म्हणून." ती नुसतं "हं" म्हणाली आणि थोड्या वेळाने फोन ठेवला.

मग मी शब्दकोश उघडला. मी मराठी माध्यमाचा बी. ए. तीस वर्षं फळ्यावर 'ग्लूमी = अंधारलेले, उदास' असं लिहीत आलो, पण शब्द आला कुठून ते कधी पाहिलं नव्हतं. त्यामागचं क्रियापद मध्ययुगीन इंग्रजीतलं. अर्थ : तोंड पाडणे, कपाळाला आठ्या घालणे! 'ग्लूम' म्हणजे अंधार, हा अर्थ सतराव्या शतकात मिल्टनच्या कवितेत दिसतो. म्हणजे इंग्रजाचा चेहरा आधी पडला, अंधार नंतर.

आपलं उलटं आहे. मळभ आधी आभाळात येतं, मग मनावर. 'आभाळ'सुद्धा 'अभ्र'वरून, म्हणजे ढगावरूनच आलेलं. म्हणून तर आपण "आभाळ आलंय" म्हणतो, नाहीतर आकाश कुठून येणार? आमच्या नाशिक रोडवरून निफाडच्या बाजूला जाऊन बघा. ऑक्टोबर छाटणी झालेल्या द्राक्षबागेवर दोन दिवस आभाळ राहिलं की डावणीच्या भीतीने फवारणी सुरू होते. डोक्यावर कर्ज असतं. तिथे आभाळ बघून माणसाचा चेहरा पडतो. पेपरवाले मात्र सगळं 'ढगाळ वातावरण' या दोन शब्दांत उरकतात, याचा मला राग येतो. असो.

सांगायचं म्हणजे, 'ग्लूमी'ला 'ढगाळ' म्हणणं चूकच, पण माझं 'मळभ'ही बरोबर नव्हतं. मी आभाळाचं नाव सांगत बसलो, आणि तो शब्द मुळात चेहऱ्याचा. फोनवर चेहरा कुठे दिसतो? डिसेंबरात तिकडे दुपारी चारच्या आत अंधार पडतो, आणि पोरगी खोलीत एकटी.

काल मीच फोन लावला. विचारलं, "ग्लूमी कोण गं, हवा की तू?"

बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दोन्ही." आणि पाऊण तास बोलत राहिली. हिने जेवायला दोनदा हाक मारली, मी काही उठलो नाही.