सांडपाणी पुन्हा वापरायचं, पण कोणत्या पाइपातून?

मार्च 2024 मध्ये बेंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर आणि बागेला पाणी घालण्यावर बंदी आणली. दंड 5,000 रुपये. मग ही कामं करायची कशाने?

अंघोळीचं, कपड्यांचं पाणी संडासातल्या मैल्याइतकं घाण नसतं. पण अनेक इमारतींत दोन्ही खाली एकाच चेंबरमध्ये मिसळतात. वेगळी लाइन टाकायची तर बांधकाम सुरू असतानाच. नंतर भिंती फोडाव्या लागतात, आणि त्याला सोसायटीत कोण तयार होणार? म्हणून नियमांचा खरा उपयोग नव्या इमारतींनाच.

जुन्या घरात वॉशिंग मशीनची नळी बादलीत सोडता येते. शेवटच्या खळबळीचं पाणी फ्लशला चालतं. मात्र साठवू नये, दिवसभरात त्याला वास येऊ लागतो.