हिरो कोण?

मुलांनो, गेल्या आठवड्यात आमच्या चौथीच्या वर्गात जाम रुसवेफुगवे झाले. स्नेहसंमेलनाचं नाटक बसवायचं होतं. राजपुत्र व्हायला अकरा जण तयार, पण शेतकरी बाबा व्हायला एकही नाही! "बाई, तो नुसता कामच करतो. तो कुठे हिरो आहे?" एक जण गाल फुगवून म्हणाला. तेव्हा मी त्यांना एका जुन्या सिनेमाची गोष्ट सांगितली. तुम्हांलाही सांगते.

घोडे, बंदुका, मोकळे माळ आणि शूर शिपाईगडी असलेल्या अमेरिकी सिनेमांना 'वेस्टर्न' म्हणतात. आपला 'शोले' (१९७५) अशाच सिनेमांपासून स्फूर्ती घेऊन झाला. माझा आवडता वेस्टर्न म्हणजे जॉर्ज स्टीव्हन्स यांनी दिग्दर्शित केलेला 'शेन' (१९५३).

वायोमिंगमधल्या बर्फाळ डोंगरांच्या पायथ्याशी जो स्टारेट नावाचा शेतकरी, त्याची बायको आणि छोटा मुलगा जोई राहत असतात. रायकर नावाचा गुरांचा मोठा मालक त्यांना तिथून हुसकावायला बघतो. एक दिवस शेन नावाचा अनोळखी घोडेस्वार येतो. बोलणं हळू, पण बंदूक चालवण्यात भलताच तरबेज. झालं! जोईला शेनपुढे दुसरं काही सुचेना.

शेन झाला आहे ॲलन लॅड आणि बाबा झाला आहे व्हॅन हेफ्लिन. एक सडसडीत, शांत, मनातलं मनात ठेवणारा. दुसरा दणकट, घामाने निथळणारा, मोकळ्या मनाचा. या दोघांची जोडी इतकी जमली आहे, की एकामुळे दुसरा झाकोळत नाही, उलट उठून दिसतो.

अंगणात तोडलेल्या झाडाचा एक अवाढव्य बुंधा असतो. एकट्या जोला तो काही हलत नाही. घरात पोटभर जेवल्यावर शेन गुपचूप बाहेर जातो आणि कुऱ्हाड उचलतो. मग जोही येतो. दोघे घाव घालतात. बायको म्हणते, घोडे जुंपा की! पण नाही, आपल्याच अंगबळाने काढायचा. शेवटी दोघे खांदा लावतात आणि बुंधा उलथतो. बोलणं जवळजवळ नाहीच, पण मैत्री झालेली आपल्याला दिसते!

पुढे गुत्त्यात रायकरची माणसं एकट्या शेनवर तुटून पडतात, तेव्हा जो दांडकं घेऊन आत घुसतो. दोघे पाठीला पाठ लावून लढतात.

आता खरी गोम ऐका. आपला मुलगा दुसऱ्याच्या मागे मागे फिरतो, हे जोला दिसत नाही का? सगळं दिसतं. पण तो शेनचा दुस्वास करत नाही. आणि शेन? तो जोईच्या मनातली बाबांची जागा घ्यायला जात नाही. मला विचाराल, तर बंदुकीपेक्षा हे अवघड.

शेवट सांगत नाही. एवढंच सांगते, की शेनला निघून जावं लागतं. जोई हाका मारत राहतो. मग दुसऱ्या दिवशी सकाळी गुरांना चारा कोण घालणार? कुंपण कोण नीट करणार? जोईच्या शेजारी कोण असणार?

पालकांनो, सिनेमात गोळीबार आणि मृत्यू आहेत, तेव्हा लहानग्यांसोबत स्वतः बसा. आणि ती जमीन त्याआधी तिथल्या मूळ आदिवासींची होती, हे सिनेमा सांगत नाही. तुम्ही सांगा.

गोष्ट संपल्यावर वर्गात सगळे गप्प. मधल्या सुट्टीत तोच गाल फुगवणारा मुलगा टेबलापाशी आला. जरा घुटमळला आणि म्हणाला, "बाई, शेतकऱ्याला कुऱ्हाड मिळेल का?"

म्हटलं, "मिळेल की! पण पुठ्ठ्याची हं!"