समाजसेवक आणि सोशल वर्कर

आपल्या शहरात समाजसेवकांना तोटा नाही. क्रांती चौकात उभं राहून फ्लेक्स वाचले तरी पटेल! वाढदिवस कुणाचाही असो, नावाआधी 'समाजसेवक' असतंच. त्यामुळे माझ्या भाचीने एमएसडब्ल्यू करायचं ठरवलं तेव्हा घरातला पहिला प्रश्न ठरलेलाच होता, "समाजसेवा करायला डिग्री कशाला?" आणि दुसरा, "पगार किती?"

दुसऱ्याचं उत्तर सगळ्यांना माहीत आहे (फार नाही!). पहिल्याबद्दल मात्र मला बोलायचंय.

तहानलेल्याला पाणी द्यायला डिग्री लागत नाही, कबूल. पण असं समजा, की घाटीसारख्या मोठ्या सरकारी दवाखान्यात एक मुलगी बाळंतपणासाठी आली आहे. सोबतचे लोक वय एकोणीस सांगतात, दिसते सोळाची. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं भाग आहे. पण त्या भीतीने घरच्यांनी तिला उठवून घरी नेलं तर? तिच्याशी कुणासमोर बोलायचं, आधी काय विचारायचं, सासूला बाहेर कसं बसवायचं? इथे नुसतं चांगलं मन पुरत नाही. उलट चांगल्या मनाचा पण न शिकलेला माणूस भरभरून सल्ले देतो आणि घोटाळा करून ठेवतो.

मग हे शिकतात कुठे? वर्गात थोडं, बाकी क्षेत्रकार्यात, म्हणजे फिल्डवर्कमध्ये. आठवड्यातले ठरावीक दिवस वस्तीत, शाळेत, दवाखान्यात काम करायचं, त्याचा अहवाल लिहायचा आणि तो शिक्षकांपुढे ठेवून चर्चा करायची. भाचीने पहिल्या महिन्यात वहीत लिहिलं होतं, "महिलेला समजावून सांगितले." मॅडमनी खाली लाल शाईने विचारलं, "तिने काय सांगितले?" बस, एवढंच. माझ्या मते दोन वर्षांचा सगळा अभ्यासक्रम त्या एका ओळीत आहे.

ही पद्धत काही आजची नाही. क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन मिशनऱ्याने १९२६ साली मुंबईच्या नागपाड्यात वस्तीतल्या लोकांसाठी नेबरहूड हाऊस सुरू केलं. त्याच कामातून १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क उभं राहिलं, म्हणजे आजची टिस. आधी वस्ती, मग वर्ग! टिस १९८६ पासून आपल्या मराठवाड्यात, तुळजापूरलाही आहे.

आता खरी काळजी. इंग्लंडमध्ये २००५ पासून नोंदणी नसेल तर स्वतःला 'सोशल वर्कर' म्हणवताच येत नाही. आपल्याकडे वकिलाला सनद लागते, डॉक्टरला नोंदणी लागते. सोशल वर्करसाठी मात्र तशी देशपातळीवरची सर्वसाधारण परिषद नाही. २०२१ च्या आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यात वैद्यकीय आणि मनोविकार क्षेत्रातले सोशल वर्कर आले, ही चांगली सुरुवात. पण वस्तीत, निरीक्षणगृहात, शेतकरी कुटुंबांत काम करणाऱ्यांचं काय?

म्हणजे ही मुलं तयार झाली की नाही हे पाहणारी जागा एकच उरते, ती म्हणजे क्षेत्रकार्याची वही. ती कुणी न वाचता सही झाली, हजेरी नुसती कागदावर लागली, तर पदवी तीच मिळेल. पण त्या सोळा वर्षांच्या मुलीसमोर जो उभा राहील तो फ्लेक्सवरच्या समाजसेवकाइतकाच अडाणी असेल. नुकसान कॉलेजचं होणार नाही, तिचं होईल.

तर मंडळी, घरातल्या कुणी एमएसडब्ल्यूचं नाव काढलं तर पगार जरूर विचारा, तो वाढायलाच हवा. पण कॉलेज निवडताना आणखी दोन गोष्टी विचारा. क्षेत्रकार्य कुठे असतं? आणि वही कोण वाचतं? दुसऱ्या प्रश्नावर समोरचा गडबडला, तर सरळ दुसरं कॉलेज बघा.

आणि हो, आमच्या भाचीला आता लग्नकार्यात "काय समाजसेविका!" म्हणून चिडवणं बंद करा. परीक्षा जवळ आली आहे तिची.