टॉवर एक, मोबाइल हजार
(कृषी विस्तार अधिकाऱ्याच्या वहीतून, बोरी, ता. जिंतूर)

सप्टेंबर महिन्यातली गोष्ट आहे. ई-पीक पाहणीची मुदत संपत आलेली. वस्तीवरचे एक वयस्कर शेतकरी बोरीच्या बाजारात मला गाठून म्हणाले, "साहेब, वावरात रेंजची एकच काडी व्हती, फोटो गेला नाही. म्हणून इथं आलो. इथं चारी काड्या हायत, तरी चाक फिरतंयच. आता कुठं जाऊ?"

"मामा, संध्याकाळी बाजार उठल्यावर बघा," असे मी सांगितले. रात्री नऊ वाजता त्याच जागेवर, त्याच मोबाइलवरून अर्ध्या मिनिटात काम झाले. मोबाइल बदलला नव्हता, टॉवरही बदलला नव्हता. फक्त माणसे घरी गेली होती.

काड्या भरल्या म्हणजे इंटरनेट भरधाव, हा समज आपण आधी काढून टाकला पाहिजे. काड्या फक्त टॉवरचा आवाज किती मोठा ऐकू येतो ते सांगतात. टॉवरवर गर्दी किती आहे, ते सांगत नाहीत. आपल्याला हे डीपीवरून चांगले समजेल. एका डीपीवर दहा मोटारी असल्या तर पाणी जोरात येते. त्याच डीपीवर तीस मोटारी आकडे टाकून चालू झाल्या की व्होल्टेज पडते आणि कुणाचीच मोटार धड चालत नाही. तार तीच, डीपी तीच. टॉवरचेही तसेच आहे. हिशोबापुरते धरा, टॉवरच्या एका बाजूला १०० एमबीपीएस एवढा वेग आहे. दहा जणांनी एकदम ओढला तर प्रत्येकाला १०. दोनशे जणांनी ओढला तर प्रत्येकाला अर्धा. केंद्र सरकारने २०२३ पासून ब्रॉडबँड म्हणायला किमान २ एमबीपीएस वेग ठरवला आहे. म्हणजे भर बाजारात आपण त्या व्याख्येच्याही खाली जातो.

कुणी म्हणेल, मग मुंबईत काय होत असेल? २०११ च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्यात एका चौरस किलोमीटरमध्ये सुमारे २१ हजार माणसे होती. आपल्या परभणी जिल्ह्यात तीनशेच्या आत. तिथे रात्री सगळे कामावरून घरी येतात आणि एकदम मोबाइल उघडतात, तेव्हा वेग तिथेही पडतो. आपल्याकडची जी पोरे चाकण-वाघोलीला कामाला आहेत, त्यांना विचारा. पण तिथे एक सोय आहे. माणसे दाट, गिऱ्हाईक दाट, म्हणून कंपन्या जवळजवळ टॉवर उभे करतात. एकावरचा भार दुसरा उचलतो.

आपल्याकडे माणसे विरळ, म्हणून टॉवर विरळ. त्यामुळे आपल्याला दोन्ही रोग आहेत. एरवी वावरात टॉवर लांब पडतो, आणि बाजाराच्या दिवशी आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरची सगळी माणसे एकाच टॉवरखाली येतात. जिल्ह्याची सरासरी घनता काढून कुणी म्हणेल की इथे गर्दीच नाही. पण बाजारातली दुपारची गर्दी सरासरीत दिसत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. लांबच्या मोबाइलला तोच फोटो पाठवायला टॉवरचा जास्त वेळ लागतो. कालव्याच्या टेलला पाणी पोचवायला जसे जास्त तास लागतात तसे. जायकवाडीच्या कालव्यावरच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. म्हणून कडेला बसून कुणी तासभर व्हिडिओ बघत असला, तर तो स्वतःबरोबर इतरांचीही पाळी खातो.

आणि टॉवरला मागून येणारी लाइनच बारीक असेल, तर वर कितीही यंत्रे लावा, उपयोग नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? जिथे टॉवरपर्यंत फायबर गेलेली नाही, तिथे हीच गत असते.

हे सगळे कृषी पानावर कशाला, असे काहींना वाटेल. कारण आता आपला सातबारा मोबाइलवरून भरतो. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. २०२३ च्या खरिपातल्या कापूस आणि सोयाबीनसाठी सरकारने हेक्टरी ५ हजार रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, अर्थसाह्य जाहीर केले, तेव्हा ही नोंदच पहिला आधार धरली गेली. हमीभावाने सोयाबीन घालायचे तरी पिकाची नोंद लागते. फोटो गेला नाही म्हणजे नुसता फोटो गेला नाही असे नाही, पदरचे पैसे जाण्याची वेळ येते.

इथे मला आमच्याच खात्याला आणि महसूलला चार शब्द सुनवायचे आहेत. आपण सगळ्या राज्याला एकच शेवटची तारीख देतो. मग शेवटच्या चार दिवसांत सगळे एकदम धावतात. त्यात सर्व्हरही बसतो आणि गावातला टॉवरही. २०२३ साली एक रुपयात पीक विमा होता, तेव्हा ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. मुदतवाढ म्हणजे गर्दी तीन दिवस पुढे ढकलणे. कालव्याला आपण पाळी लावतो, शेतीच्या विजेला पाळी लावतो, मग नोंदणीला पाळी का नको? या गावांनी या आठवड्यात, त्या गावांनी त्या आठवड्यात, असे तालुक्याने ठरवून दवंडी द्यावी. अखेरची तारीख राहिलेल्यांसाठी ठेवावी. यात दोषी मीही आहे. सभेत "अजून वेळ आहे" असे मीच सांगत आलो.

ग्रामपंचायतीने काय करावे? 'ट्राय'च्या २०२४ च्या नियमांप्रमाणे कंपन्यांनी आपली रेंज कुठवर आहे त्याचे नकाशे प्रसिद्ध करायचे आहेत. पण नकाशात रेंज दिसते, गर्दी दिसत नाही. तो पुरावा आपण गोळा करावा. 'ट्राय'चे मायस्पीड नावाचे ॲप आहे. पहाटे, बाजाराच्या दुपारी आणि रात्री असा एक महिना वेग मोजून वहीत लिहावा आणि तो आकडा ठरावासोबत कंपनीला व जिल्हाधिकारी कार्यालयाला पाठवावा. नुसते "नेट चालत नाही" म्हटल्याने कागद हलत नाही. जिथे भारतनेटची फायबर ग्रामपंचायतीत आली आहे आणि चालू आहे, तिथे मुदतीच्या दिवसांत ती शेतकऱ्यांच्या कामासाठी खुली ठेवावी. टॉवरवरचा तेवढाच भार कमी होईल.

आणि शेतकरी बंधूंनो, आपण काय करायचे? वावरात उभे राहून पिकाचा फोटो घ्या, माहिती मोबाइलमध्ये साठवा. ती रेंज आल्यावर पाठवता येते. पाठवायला पहाटेची वेळ धरा. दुसरे काहीच उघडत नसेल तर टॉवर तुंबला आहे, थोडे थांबा. बाकी सगळे चालते आणि सरकारी ॲपच अडते, तर सर्व्हर तुंबला आहे, जागा बदलत फिरू नका. नाहीच जमले, तर ज्यांना आपण अजून तलाठीच म्हणतो त्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांना मुदतीच्या आत भेटा.

ते मामा परवा पुन्हा भेटले. म्हणाले, "साहेब, पुढच्या सालाला पेरणी उरकली की इचारायलाच येतो, कवा भरायचं ते." मी म्हटले, मामा, तुम्ही येऊ नका, मीच दवंडी घेऊन येतो. आता हा शब्द छापून आला आहे, तेव्हा पाळावाच लागेल.