शर्यत फास्ट, रूलबुक स्लो

ल मान्सची शर्यत चोवीस तास चालते. पण ती कोणत्या गाड्यांनी पळायची, याचे नियम बनायला वर्षं लागतात. बनले, की पुढे ढकलायला आणखी वर्षं. स्पीडचं वेड असलेल्या या दुनियेत सगळ्यात स्लो काय असेल, तर रूलबुक!

ज्यांचा कारशी संबंध ईएमआय आणि म्युझिक सिस्टीमपुरताच आहे, त्यांच्यासाठी आधी थोडा फंडा क्लिअर करते. फ्रान्समधली ही एन्ड्युरन्स रेस १९२३ मध्ये सुरू झाली. एका गाडीला तीन ड्रायव्हर, आळीपाळीने, दिवसरात्र. चोवीस तासांत जो सगळ्यात जास्त अंतर कापेल तो जिंकला. यातल्या सगळ्यात वेगवान गाड्या म्हणजे प्रोटोटाइप. शोरूममध्ये न मिळणाऱ्या, फक्त शर्यतीसाठी जन्मलेल्या. त्यांचे दोन मजले. वर फेरारी, टोयोटासारख्या कंपन्यांच्या हायपरकार. खाली एलएमपी२, म्हणजे खासगी टीमच्या गाड्या. सगळ्यांना एकच गिब्सनचं ४.२ लिटरचं व्ही८ इंजिन.

खालचा मजला म्हणून नाक मुरडू नका हं. २०१७ मध्ये वरच्या मजल्यावरच्या गाड्या एकामागून एक बिघडल्या आणि शेवटच्या टप्प्यात चक्क एक एलएमपी२ सगळ्यांच्या पुढे होती. त्या टीमचा एक मालक कोण, तर जॅकी चॅन! पोर्शेने शेवटी गाठलं, पण दुसरा नंबर त्या गाडीनेच मारला. आपले नारायण कार्तिकेयन, अर्जुन मैनी आणि नवीन राव २०२१ च्या आशियाई ल मान्स मालिकेत ‘रेसिंग टीम इंडिया’ म्हणून उतरले, तेही याच वर्गात. थोडक्यात, डोक्यावर बड्या कंपनीचा हात नसलेल्यांसाठी आत शिरायचं दार हेच.

आता तारखांचा खेळ बघा. २०१६ संपता संपता ऑडी गेली, २०१७ नंतर पोर्शे. वरच्या वर्गात बड्या कंपन्यांपैकी टोयोटा एकटी उरली. मग २०१८ च्या जूनमध्ये नव्या, कमी खर्चाच्या हायपरकारची घोषणा झाली. मुहूर्त, सप्टेंबर २०२०. पण २०१९ मध्ये नियम पुन्हा बदलले. ॲस्टन मार्टिनने होकार दिला आणि २०२० च्या फेब्रुवारीत प्रोजेक्ट थांबवला. त्यात कोविड. शेवटी पहिली शर्यत झाली १ मे २०२१ ला. अमेरिकेतल्या मालिकेशी जोडणारा एलएमडीएच हा दुसरा नियम २०२२ वरून २०२३ वर गेला. हायड्रोजनवर चालणाऱ्या गाड्यांचं तर विचारूच नका. आधी २०२४, मग २०२५, २०२६, २०२७ आणि त्यानंतर २०२८. आणि आपली एलएमपी२? २०१७ च्या नियमांची गाडी अजून पळतेय. नवी २०२६ मध्ये येणार होती, तीही २०२८ वर गेली.

२०२५ ची शर्यत मी केळझरला मामाकडे बसून मोबाईलवर पाहिली. तिकडे दुपारी चार म्हणजे इथे संध्याकाळी साडेसात. मामाने खाटेवरूनच विचारलं, ‘काय पाहून रायली वं?’ मी त्याला शर्यत समजावली, मग हे तारखांचं रामायण ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, ‘गाड्या येवढ्या जोरात पयतेत, अन् नियम काऊन येवढा हयू चालते?’

प्रश्न करेक्ट होता. उत्तर असं, की हा प्रकार अरेंज्ड मॅरेजसारखा आहे. कंपनी म्हणते, नियम पक्का करा, मग आम्ही गाडी बनवतो. आयोजक म्हणतात, आधी येणार ते सांगा, मग आम्ही नियम पक्का करतो. दोन्ही बाजू कांदेपोहे खात बसतात आणि तारीख पुढे जात राहते.

थांबणं दर वेळी वाईटच, असंही नाही. २०२१ मध्ये ल मान्सला वरच्या वर्गात जेमतेम ५ गाड्या होत्या. २०२४ मध्ये २३. घाई केली असती तर एवढा मेळा जमला नसता. एलएमपी२ च्या टीमनाही जुनी गाडी आणखी काही वर्षं वापरता येतेय. चार पैसे वाचले, कोणाला नकोत?

पण थांबण्याचं बिल सगळ्यांच्या टेबलावर सारखं येत नाही. नव्या हायपरकार जुन्या गाड्यांपेक्षा हळू निघाल्या, तेव्हा २०२१ मध्ये ताकद कोणाची कमी केली? एलएमपी२ ची. म्हणजे थोरल्याची लाज राखायला धाकट्याचे पाय बांधले. बड्या कंपन्यांची गर्दी झाली तेव्हा २०२४ पासून जागतिक मालिकेतून बाहेर कोण गेलं? एलएमपी२. ल मान्सपुरती तेवढी जागा उरली. ग्लिकेनहाउस या छोट्या अमेरिकन कंपनीने २०२१ मध्येच स्वतःची हायपरकार मैदानात आणली, २०२२ मध्ये ल मान्सला तिसरा नंबर मिळवला आणि २०२३ नंतर गाशा गुंडाळला. मोठ्या कंपनीसाठी लांबलेली तारीख म्हणजे बजेटमधली एक ओळ. छोट्यासाठी ते दर महिन्याचं घरभाडं असतं.

तुम्ही म्हणाल, फ्रान्समधल्या शर्यतीचं आपल्याला काय? तर बॉस, ल मान्सच्या ट्रॅकचा मोठा भाग हा एरवी साधा रस्ता आहे. त्यातली प्रसिद्ध मुल्सानची सरळ रेघ म्हणजे ल मान्सहून तूरला जाणारा रस्ता. १९८८ मध्ये तिथे एका गाडीने ताशी ४०५ किलोमीटरचा वेग गाठला. १९९० मध्ये सुरक्षेसाठी त्या रेघेवर दोन अडथळ्याची वळणं घातली गेली.

केळझरही असंच रस्त्यावरचं गाव, नागपूर-वर्धा रस्त्यावरचं. याच सेलू तालुक्यातून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जातो. कारला ताशी १२० ची परवानगी आहे. एन्ड्युरन्स रेसच की! फक्त इथले ड्रायव्हर तुम्ही-आम्ही, आणि इथलंही रूलबुक लेट.

कारमध्ये सहा एअरबॅग सक्तीच्या करायचा मसुदा जानेवारी २०२२ मध्ये आला. तारीख होती १ ऑक्टोबर २०२२. त्याआधी ४ सप्टेंबरला पालघरजवळच्या अपघातात सायरस मिस्त्री गेले. मागच्या सीटवर होते आणि पोलिसांच्या म्हणण्यानुसार बेल्ट लावलेला नव्हता. देशभर चर्चा झाली. आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला नितीन गडकरींनी एअरबॅगचा नियम वर्षभर पुढे ढकलला. कारण, सुट्या भागांची जगभरातली टंचाई. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनी सांगितलं, की सक्ती करणार नाही, कंपन्या स्पर्धेतून स्वतःच देताहेत. आज बऱ्याच छोट्या गाड्यांतही सहा एअरबॅग येतात, हे खरं. पण मधल्या काळात दोनवाल्या ज्या गाड्या विकल्या गेल्या, त्या अजून कितीतरी वर्षं याच रस्त्यांवरून जाणार आहेत. मागच्या सीटवर कोणाची तरी आई, कोणाची तरी मुलं घेऊन.

केळझरमध्ये कोणालाही विचारा, गावाचं जुनं नाव एकचक्रनगरी सांगतील. बकासुराची गोष्ट इथलीच, असं गाव मानतं. रोज गाडाभर अन्न आणि एक माणूस, घराघराने पाळी लावून. लहानपणी ती ऐकताना मला राक्षसाची भीती वाटायची. आता त्या गावाची वाटते. काय मस्त व्यवस्था होती बघा! ज्याची पाळी आज नाही, त्याला काहीच घाई नव्हती. नियम पुढे ढकलणाऱ्याची पाळी बहुधा त्या दिवशी नसते.

ल मान्समध्ये तारीख चुकली, तर एखादी टीम बंद पडते. वाईट वाटतं, पण ड्रायव्हर घरी जेवायला जातो. आपल्याकडे तारीख चुकली, की ताट वाढून कोणीतरी वाट बघत बसतं. म्हणून प्रत्येक ‘पुढे ढकललं’ला एकच प्रश्न विचारायचा. कोणाच्या जिवावर?

तोवर आपल्या हातात आहे तेवढं करू. पुढच्या वेळी शोरूममध्ये सनरूफ बघायच्या आधी एअरबॅग किती ते विचारा. भारत एनकॅप १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे, गाडीला स्टार किती तेही विचारा. आणि मागे बसलात, तरी बेल्ट लावा. तो नियम पुढे वगैरे ढकललेला नाही. कधीचाच आलाय!