गावकूस, कॅन आणि नळाची किल्ली

मंगळवेढ्याला गेलात तर दोस्तांनो, चोखोबाला हात जोडण्याआधी एवढं विचारा : तो मेला कशानं? समाधी लावून नाही. गावकुसाचं काम चाललं होतं, महार वेठीला धरले होते, भिंत अंगावर आली. साल १३३८. नामदेवानं हाडं पंढरपूरला नेली, तिथंही जागा महाद्वाराबाहेरच. हाडांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू येत होतं म्हणून कीर्तनकार डोलतात. भिंत कुणी बांधून घेतली, ते कीर्तनात येत नाही. पुढं त्याच गावच्या दामाजीसाठी देव म्हणे विठू महार झाला, बेदरला पैसे भरायला गेला. भिंत धरायला आला नव्हता.

आता भिंतीच्या जागी कॅन आहे. चिठ्ठी नसलेला. आत संडास घासायचं ॲसिड, नाहीतर तुंबलेली मोरी मोकळी करायचा कॉस्टिक सोडा. मुकादम म्हणतो, ओत आणि घास. ॲसिडमधे ब्लीचिंग पावडर पडली की क्लोरीन उठतो, डोळ्यांची आग होते, घसा आवळतो. लोक ॲसिडला भितात, पण कॉस्टिक जास्त हरामी. ॲसिडनं डोळ्यावरचं प्रथिन गोठतं, ते थोडंफार आडवं येतं. कॉस्टिक विरघळवत आत घुसतो. बुबुळ पांढरं पडतं.

यावर पहिलं औषध काय? पाणी! साधं, नळाचं. त्याच क्षणी, पापण्या ताणून, निदान पंधरा-वीस मिनिटं. मग दवाखाना. १९२७ ला महाडला बाप ओंजळभर पाण्यासाठी चवदार तळ्यावर गेला होता. आणि ज्या हापिसाचे संडास आपली बाई घासते, तिथल्या नळावर पंधरा मिनिटं डोळा धरायला तिला कोण देणार?

कायदा म्हणाल तर १९४८ च्या कारखाना कायद्यात डोळ्यांसाठी खास कलम ३५ होतं. वाचून बघा. उडणारे कण आणि प्रखर उजेड. उडणारा थेंब त्या कलमात नाही. आणि संडास म्हणजे कारखाना थोडाच! १९२३ च्या भरपाई कायद्यानं दर मात्र चोख लावला होता : एका डोळ्याची नजर गेली, दुसरा शाबूत, तर कमाईची ताकद ३० टक्के गेली. तेवढ्यासाठीसुद्धा डोळा कामावर गेला हे शाबीत करा. ठेकेदाराच्या वहीत नावच नसेल तर करा शाबीत!

तेव्हा वस्तीतल्या सफाईवाल्यांना पत्रकं नंतर वाटा. आधी विचारा, कॅनवर काय लिहिलंय? गॉगल दिलाय का? नळ किती पावलांवर आहे? नळाला कुलूप असेल तर किल्ली कुणाच्या खिशात आहे, ते लिहून पाठवा. पुढच्या अंकात छापू.