‘क्ष’च्या आधीचा हिशेब

‘जालना, सोने का पालना’ असे आमच्या गावाबद्दल पूर्वापार म्हटले जाते. हा पाळणा हलवला तो व्यापाराने. मोंढ्यातला भुसार माल, बियाणे, लोखंडी सळ्या आणि आसपासच्या बागांमधली मोसंबी यांवर गाव चालते. म्हणजे हिशेबावरच चालते. अशा गावात दहावीची परीक्षा जवळ आली की घरोघर एकच तक्रार मी ऐकतो, “बाकी सगळं येतं हो त्याला, शाब्दिक उदाहरणं तेवढी जमत नाहीत!”

मला याचे नवल वाटते. ही उदाहरणे असतात तरी कशाची? तीन वह्या व दोन पेनांना ८० रुपये पडले, दोन वह्या व तीन पेनांना ७०. तर एक वही केवढ्याची आणि एक पेन केवढ्याचे? पोर वाचून होण्याआधीच ‘वहीची किंमत क्ष मानू’ असे लिहून मोकळे होते. मग समीकरणे, गुणाकार, चिन्हांची उलटापालट. मध्येच एखादे चिन्ह निसटते आणि पेन वजा चार रुपयांना मिळू लागते. तेही उत्तर निमूटपणे चौकटीत लिहिले जाते!

हेच उदाहरण दुकानाच्या फळीवर मांडून पाहा. दोन्ही खरेद्या एकत्र करा. पाच वह्या, पाच पेन, रुपये १५०. म्हणजे एक वही आणि एक पेन ही जोडी ३० रुपयांची. पहिल्या खरेदीत अशा दोन जोड्या, त्यांचे ६० झाले. उरली एक वही, ती २० ची. पेन १० चे. ना क्ष, ना य. शिवाय उत्तर बरोबर का, हेही मुलाला कळले.

आता दुसरे. बॅट आणि चेंडू मिळून ११० रुपये. बॅट चेंडूपेक्षा १०० रुपयांनी महाग. चेंडू केवढ्याचा? ‘१०’ असे तोंडातून निघून जाते. पण मग बॅट ११० ची होईल आणि बेरीज १२०! जास्तीचे १०० बाजूला काढा. उरलेले १० दोन सारख्या किमतींचे. चेंडू ५ चा, बॅट १०५ ची. डॅनिएल कानेमान यांनी २०११ च्या आपल्या पुस्तकात डॉलरमधल्या अशाच कोड्याविषयी लिहिले आहे. हार्वर्ड, एमआयटी, प्रिन्स्टनमधल्या निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांनी घाईचे, चुकीचे उत्तर दिले. तिथे बीजगणित कमी पडले नव्हते, थांबून विचार करणे कमी पडले.

ही रीत आपल्याला परकी नाही. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे इ. स. ११५० च्या सुमारास, ती ‘संक्रमण’ या नावाने आहे. दोन संख्यांची बेरीज १०१, वजाबाकी २५. १०१ मधून २५ काढा, ७६ उरले. त्याचे निम्मे ३८, दुसरी संख्या ६३. बीजगणितावर स्वतंत्र ग्रंथ लिहिणाऱ्या या आचार्यांनीच गोलाध्यायात बजावले आहे, की बीज अक्षरांत नसते, बुद्धी हेच बीज. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे; आमच्याकडून कन्नडचा घाट उतरला की तो मुलूख लागतो.

कुणी म्हणेल, मग बीजगणित शिकवूच नका! तसे मुळीच नाही. वस्तू दोनाच्या चार झाल्या, आकडे अवघड झाले की तोंडी रीत दमते. तिथे ‘क्ष’सारखा सोबती नाही. आणि नुसत्या बाजारी हिशेबाचे गोडवे गाऊनही भागणार नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व सहकाऱ्यांचा कोलकाता-दिल्लीच्या बाजारांतील मुलांवरचा अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. गिऱ्हाइकाचा हिशेब झटपट करणारी मुले वहीतल्या साध्या गणितांना अडखळली; शाळेतली मुले बाजारातल्या हिशेबात अडखळली. दोन्हीकडे बुद्धी होती, मधला पूल नव्हता.

मोंढ्यात आडत्याशेजारी बसून पट्टीचा आकडा तोंडी पडताळणारे पोर वर्गात ‘ढ’ ठरते, यात नुकसान कुणाचे? माझ्या मते केवळ त्या पोराचे नव्हे. हा पूल बांधणे शिक्षकांच्या हाती आहे आणि आपल्याही. नववी-दहावीत दोन चलांची समीकरणे येण्याच्या कितीतरी आधी, पाचवी-सहावीतच, अशी कोडी तोंडी घालावीत. उत्तराआधी ‘कसं काढलंस?’ हे विचारावे, आणि नीट कारण सांगणाऱ्याला पद्धत वेगळी म्हणून हिणवू नये. आयांनी-आजोबांनी किराण्याची यादी मुलाच्या हाती द्यावी. गेल्या महिन्याचे बिल शेजारी ठेवून ‘कशाचा भाव वाढला असेल?’ एवढेच विचारावे. पावकी-निमकी घोकून घेणाऱ्या पिढीने निदान आकड्यांची भीती तरी घालवली होती.

आधी वस्तू दिसू द्या, मग अक्षर येऊ द्या. ज्याला वही आणि पेन दिसले, त्याला ‘क्ष’ आणि ‘य’ फार काळ परके राहत नाहीत.